‘पुस्तक मिळण्याचे ठिकाण’ : स्वप्रकाशित मराठी ग्रंथ आणि विक्रीस्थळाची निवड

१

एकोणिसाव्या शतकातील मराठी पुस्तकाचे पहिले पान सहसा पाच-सहा गोष्टी सांगते : ग्रंथाचे नाव, तो रचणाऱ्याचे नाव, छापखाना व त्याचे गाव, शक आणि सन, किंमत, आणि पुष्कळदा सर्व हक्क ग्रंथकर्त्याने आपल्याकडे ठेविल्याची सूचना. काही पुस्तकांवर आणखी एक ओळ आढळते : ‘पुस्तक मिळण्याचे ठिकाण’. या ओळीत कधी छापखान्याचा पत्ता असतो, कधी एखाद्या दुकानाचा, तर कधी खुद्द ग्रंथकर्त्याच्या राहत्या घराचा. वाङ्मयेतिहासाचे अभ्यासक ग्रंथनाम, कर्ता आणि सन यांची टिपणे घेतात; क्वचित किंमतही टिपतात. ही शेवटची ओळ मात्र बहुधा सोडून दिली जाते. प्रस्तुत निबंधाचा विषय ती ओळ आहे.

ग्रंथकार आणि प्रकाशक या दोन वेगळ्या व्यक्ती असतात तेव्हा पुस्तक कोठे विकावे हा प्रश्न लेखकापर्यंत पोहोचतच नाही. प्रकाशकाची पेढी, त्याचे ठरलेले विक्रेते, त्यांचे कमिशन, त्यांची उधारी या व्यवस्थेत पुस्तक आपोआप शिरते. लेखक स्वतः पदरचे पैसे घालून पुस्तक छापतो तेव्हा मात्र हा निर्णय त्यालाच घ्यावा लागतो. छापून आलेले गठ्ठे घरात पडलेले असतात आणि ते कोणाच्या हाती जावेत, कोणत्या रस्त्यावर, कोणत्या दिवशी, किती किमतीला, हे त्याला ठरवावे लागते. हा निर्णय वरवर व्यावहारिक दिसतो. वस्तुतः तो वाचकाची निवड करणारा असतो, आणि म्हणून वाङ्मयीनही असतो. त्यापुढे जाऊन असे म्हणता येईल की, मराठीत कोणते स्वप्रकाशित ग्रंथ इतिहासात राहिले आणि कोणते गळाले याचे एक महत्त्वाचे कारण त्यांच्या गुणावगुणांइतकेच त्यांच्या विक्रीच्या ठिकाणात सापडते.

साहित्याच्या समाजशास्त्रात या प्रश्नाला जवळची अशी दोन प्रतिमाने आहेत. रॉबेर एस्कारपी याने १९५८ च्या आपल्या पुस्तकात ग्रंथवितरणाची दोन वर्तुळे कल्पिली : एक सुशिक्षितांचे व दुसरे लोकांचे. पहिल्यात लेखक, समीक्षक, विक्रेता आणि वाचक यांच्यात देवाणघेवाण चालते. दुसऱ्यात पुस्तके वरून खाली जातात, वाचकाची प्रतिक्रिया निर्मात्याकडे परत येत नाही. रॉबर्ट डार्न्टन याने १९८२ मध्ये लेखक, प्रकाशक, मुद्रक, वाहतूकदार, विक्रेता आणि वाचक अशा टप्प्यांतून फिरत पुन्हा लेखकाकडे येणारे मंडल मांडले. ही दोन्ही प्रतिमाने युरोपीय ग्रंथव्यवहारावर बेतलेली आहेत. लेखक स्वतःच प्रकाशक, स्वतःच हमाल आणि स्वतःच विक्रेता असतो तेव्हा डार्न्टनच्या मंडलातील तीन-चार टप्पे एका माणसात गोळा होतात. आणि हा माणूस लोकांच्या वर्तुळात जाऊन उभा राहतो तेव्हा एस्कारपीची विभागणीही तशीच टिकत नाही. मराठी ग्रंथव्यवहाराचा इतिहास या दोन्ही गोष्टींची साक्ष देतो.

२

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मराठी ग्रंथाचा सर्वांत भरवशाचा गिऱ्हाईक कोण होता? त्याचे उत्तर सरकार असे आहे. शाळाखात्यासाठी क्रमिक पुस्तके लागत. पेशव्यांच्या काळापासून चालत आलेल्या दक्षिणेच्या रकमेतील काही भाग १८५० च्या सुमारास मराठी ग्रंथांना पारितोषिके देण्याकडे वळला होता. दक्षिणा प्राइझ कमिटीची पसंती मिळालेल्या ग्रंथकाराला पैसा मिळे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मान्यतेचा शिक्का मिळे. दुसरा मार्ग आगाऊ वर्गणीचा होता. ग्रंथकार छपाईपूर्वी संस्थानिक, सरदार, सरकारी अंमलदार, शिक्षक यांच्याकडून वर्गणी गोळा करी आणि ग्रंथाच्या आरंभी किंवा अखेरीस आश्रयदात्यांची यादी छापी. या दोन्ही मार्गांत पुस्तक विकण्याचे ‘ठिकाण’ म्हणून रस्ता किंवा दुकान येतच नाही. पुस्तक छापण्यापूर्वीच त्याचा वाचक, निदान त्याचा खरेदीदार, नावानिशी ठाऊक असे.

जोतीराव फुले यांच्या ग्रंथव्यवहाराची सुरुवात या मार्गावरील अपयशाने झाली. त्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले आणि ते नाकारले गेले. हे नाटक छापून वाचकांसमोर यायला १९७९ साल उजाडले. एका समितीचा नकार म्हणजे ग्रंथाचे सव्वाशे वर्षांचे मौन, हा हिशेब त्या काळच्या ग्रंथबाजाराचे स्वरूप पुरेसे स्पष्ट करतो.

यानंतर फुल्यांनी जी पुस्तके काढली त्यांत या नकाराचा धडा दिसतो. १८६९ मध्ये त्यांनी शिवाजीचा पवाडा आणि ‘ब्राह्मणांचे कसब’ प्रसिद्ध केले. दोन्ही रचना म्हणावयाच्या आहेत. निरक्षराला त्या ऐकता येतात. ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये निघाली, आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. ग्रंथ आणि संघटना यांचे हे एकाच वर्षी घडणे योगायोगाचे मानण्याचे कारण नाही. ज्या वाचकापर्यंत दुकान पोहोचत नाही त्याच्यापर्यंत समाजाच्या सभा, लग्ने आणि सभासद पोहोचत होते.

‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ च्या ग्रंथाची हकीकत या दृष्टीने अधिक बोलकी आहे. त्याचे पहिले भाग ‘दीनबंधू’त आले, पुढचे छापण्यास नारायण मेघाजी लोखंडे यांनी नकार दिला. म्हणजे आपल्याच चळवळीच्या पत्राचे दारही या ग्रंथाला अर्धेच उघडले. परंतु ग्रंथाच्या उपोद्घातावरून कळते की, त्यातील भाग फुल्यांनी मुंबई-पुण्याप्रमाणेच जुन्नर, ओतूर, हडपसर अशा गावीही वाचून दाखविले होते, आणि बडोद्यास सयाजीराव महाराजांनीही ते ऐकले होते. या गावांची नावे आपण ग्रंथाच्या प्रसिद्धीची पार्श्वभूमी म्हणून वाचतो. ती ‘पुस्तक मिळण्याचे ठिकाण’ या ओळीच्या जागी वाचून पाहावीत. ज्याचा श्रोता ओतूरच्या चावडीत बसला आहे त्या ग्रंथाचे गद्य बोलीच्या अंगाने का जाते, त्यात आकडे आणि शिव्या शेजारी शेजारी का येतात, याचे उत्तर शैलीच्या चर्चेपेक्षा या गावांच्या यादीत लवकर सापडते.

१८८५ मध्ये पुण्यास भरणाऱ्या ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण फुल्यांनी नाकारले, त्या पत्राचा अर्थ आपण सामाजिक मतभेदाच्या अंगाने लावत आलो आहोत, आणि तो योग्यच आहे. परंतु १८७८ पासूनच्या या सभांचा हेतू ग्रंथांना उत्तेजन देण्याचा, म्हणजे ग्रंथ घेणारा वर्ग वाढविण्याचाही होता, हे लक्षात घेतले की त्या नकाराला आणखी एक बाजू दिसते. ज्या वर्गाकडून ग्रंथ विकत घेतले जावेत म्हणून सभा भरत होती, तो आपला वाचक नाही, हे फुल्यांनी त्यापूर्वीच ठरविले होते.

३

१८८२ या एकाच वर्षाभोवती पुण्यातील दोन घटना ठेवून पाहिल्या तर विक्रीस्थळाचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. त्या वर्षी मार्चमध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले. आणि त्याच वर्षी पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापले गेले.

चिपळूणकरांचे ‘निबंधमाला’ हे मासिक जानेवारी १८७४ मध्ये सुरू झाले. एकट्या लेखकाने लिहिलेले आणि त्यानेच चालविलेले हे मासिक म्हणजे स्वप्रकाशनच होते. परंतु चिपळूणकर तेथे थांबले नाहीत. त्यांनी पुण्यात ‘किताबखाना’ हे पुस्तकांचे दुकान काढले. चित्रशाळा, छापखाना, शाळा आणि वृत्तपत्रे यांच्या उभारणीत ते पुढे राहिले. लेखन, छपाई, विक्री, जाहिरात आणि भावी वाचकाचे शिक्षण ही सारी साधने एका गटाच्या हाती आल्याचे मराठीतील हे पहिले ठळक उदाहरण होय. चिपळूणकरांचे गद्य पुढे मराठी निबंधाचा आदर्श ठरले. त्यांच्या प्रतिभेला त्याचे श्रेय आहेच. ते गद्य ज्या दुकानातून, ज्या शाळांतून आणि ज्या वर्गणीदारांच्या यादीतून फिरत राहिले त्यांनाही ते आहे. याच मालेत फुल्यांच्या पुस्तकांवर उपहासाचे लेखन झाले, आणि सुशिक्षितांच्या वर्तुळात फुल्यांचा पहिला परिचय अनेकांना त्या उपहासातूनच झाला असणार. फुल्यांचे पुस्तक त्या दुकानात पोहोचले नाही. त्यावरील टीका मात्र पोहोचली.

ताराबाई शिंदे वऱ्हाडातील बुलढाण्याच्या. पुस्तक छापले गेले पुण्यात : ५०० प्रती, किंमत ९ आणे. लेखिकेच्या हाती ना मासिक होते, ना दुकान, ना वर्गणीदारांची यादी. बुलढाणे आणि पुणे यांच्यातील अंतर केवळ मैलांचे नव्हते. पुस्तक जेथे छापले जाते तेथे लेखिका राहत नाही आणि लेखिका जेथे राहते तेथे पुस्तकांचा बाजार नाही, असे ते अंतर होते. पुस्तकावर विरोधी टीका झाली. फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये लेखिकेची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक उपलब्ध नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुनर्मुद्रण केले तेव्हा मराठी अभ्यासकांना हे पुस्तक जवळजवळ नव्याने मिळाले.

या ९३ वर्षांच्या विस्मृतीचे स्पष्टीकरण देताना पुरुषप्रधान समाजाने ते पुस्तक दडपले असे म्हटले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. दडपण्यासाठीही एखादी यंत्रणा लागते. येथे वेगळी यंत्रणा उभी करण्याची गरजच पडली नाही. विक्रीच्या यंत्रणेचा अभाव तेवढ्याला पुरेसा होता. ज्या पुस्तकाला पुन्हा पुन्हा मिळण्याचे ठिकाण नाही, त्याची दुसरी आवृत्ती निघत नाही. ज्याची दुसरी आवृत्ती नाही, ते वाचनालयाच्या आणि अभ्यासक्रमाच्या यादीत येत नाही. आणि यादीत जे नाही ते इतिहासकारापुढे येत नाही. विस्मृतीची ही साखळी ग्रंथाच्या आशयाइतकीच त्याच्या पत्त्यापासून सुरू होते.

या संदर्भात आपल्या साधनांचाही विचार केला पाहिजे. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची नोंद सरकारदप्तरी होऊ लागली. ग्रंथाचे नाव, भाषा, कर्ता, विषय, मुद्रण व प्रकाशनाचे स्थळ, मुद्रक, प्रकाशक, तारीख, पृष्ठसंख्या, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या, शिळाछाप की खिळाछाप, किंमत, आणि स्वामित्वहक्क कोणाचा, इतके रकाने त्यात होते. एवढ्या तपशिलाच्या नोंदपुस्तकात पुस्तक कोठे विकले जाणार याला रकाना नाही. राज्यकर्त्यांना काय छापले जाते याची चिंता होती. ते कोणाच्या हाती जाते हे त्यांना या तक्त्यातून विचारावेसे वाटले नाही. आपण याच तक्त्यांवरून ग्रंथसूची तयार केल्या आणि त्या रकान्याची उणीव आपल्याही वाङ्मयेतिहासात उतरली.

४

दुकानाला पर्याय म्हणून उभे राहिलेले पहिले मोठे साधन म्हणजे टपाल. १८७७ च्या अखेरीस टपालखात्याने व्हॅल्यू पेएबल पद्धत सुरू केली, आणि ‘व्ही. पी.ने पुस्तक मागवा’ ही ओळ मराठी जाहिरातींत रुळली. पुस्तक घरी येते, पोस्टमन पैसे घेतो, आणि ते ग्रंथकाराकडे पोहोचते. ग्रंथकाराला दुकानदाराचे कमिशन द्यावे लागत नाही, उधारी वसूल करावी लागत नाही. ज्या लहान गावात पुस्तकांचे दुकान निघण्याची शक्यताच नव्हती तेथील शिक्षक, कारकून आणि वाचनालये यांच्यामुळे मराठी मासिके जगली.

टपालाचा आणखी एक गुण आहे; त्याची चर्चा कमी झाली आहे. टपाल वाचकाला आडोसा देते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२३ मध्ये संततिनियमनावरचे पुस्तक काढले आणि जुलै १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक स्वतः चालविले. ‘राइट एजन्सी’ हे त्यांच्या प्रकाशनाचे नाव. ज्या विषयाचे पुस्तक दुकानाच्या फळीपुढे उभे राहून मागताना ग्राहकाचीच जीभ अडखळेल, त्या विषयाला टपालाचे पाकीट हेच योग्य ठिकाण होते. मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात कर्व्यांचे वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. मासिकाला आर्थिक बळ कधीच लाभले नाही, तरी ते सव्वीस वर्षे चालले. वाचकांची पत्रे आणि त्यांना दिलेली उत्तरे हा त्याचा महत्त्वाचा भाग होता. लेखक आणि वाचक एकमेकांना चेहऱ्याने ओळखत नाहीत, पण पत्त्याने ओळखतात, असे हे नाते होते. ‘समाजस्वास्थ्य’चे कोरडे, थेट, अलंकार टाळणारे गद्य या एकांतातील वाचकाला उद्देशून घडले आहे.

श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’साठी तिसरा मार्ग घेतला. तेवीस विभागांचा हा ग्रंथ कोणताही प्रकाशक अंगावर घेणार नव्हता. केतकरांनी मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, गावोगाव फिरून वर्गणीदार मिळविले. या खटाटोपाचा इतिहास त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या १९२७ च्या पुस्तकात लिहून ठेवला. मराठीतील विद्वानांनी आपल्या ग्रंथाच्या विक्रीचा वृत्तान्त ग्रंथरूपाने लिहावा, हा प्रकार दुर्मीळ. केतकरांनी तो लिहिला, कारण ग्रंथविक्री हा ज्ञानव्यवहाराचा भाग आहे अशी त्यांची धारणा होती. एरवी आपल्याकडे ग्रंथकाराने विक्रीविषयी बोलणे थोडे हलकेपणाचे समजले जाते. त्या संकोचामुळेही इतिहासाचे एक साधन आपण गमावले आहे.

५

टपाल आणि वर्गणी हे दोन्ही मार्ग वाचकाकडे पत्ता आणि थोडे पैसे आहेत असे गृहीत धरतात. ज्याला स्थिर पत्ता नाही, ज्याला व्ही. पी. सोडवून घेणे परवडत नाही, त्याच्यासाठी लेखकाला त्याच्या वाटेवर जाऊन उभे राहावे लागते. ही वाट मराठीत जुनी आहे. आळंदी-पंढरपूरच्या वारीच्या वाटेवर हरिपाठाच्या आणि अभंगांच्या पुस्तिका विकल्या जात आल्या आहेत. जलशांनी आणि तमाशांनी गाण्यांच्या लहान पुस्तिकांना गिऱ्हाईक दिले. आंबेडकरी चळवळीने हीच रीत घेतली आणि तिला नवा अर्थ दिला.

तसे करण्याचे कारणही होते. १९२० मध्ये ‘मूकनायक’ निघाले तेव्हा पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापण्यास ‘केसरी’ तयार झाला नाही. प्रस्थापित वर्तुळात नुसते आपले अस्तित्व कळविण्याची सोयही नव्हती. १९५६ मध्ये १४ ऑक्टोबरचे नागपूरचे धर्मांतर आणि ६ डिसेंबरचे महापरिनिर्वाण या दोन घटनांनंतर नागपूरची दीक्षाभूमी आणि दादरची चैत्यभूमी येथे दरवर्षी लाखोंचा समुदाय जमू लागला, आणि त्याबरोबर पुस्तकांचे स्टॉल आले. पथारीवर, मांडवात, खांद्यावरच्या पिशवीतून पुस्तके विकली जाऊ लागली : गीतांच्या पुस्तिका, बुद्धवंदनेच्या प्रती, चरित्रे, भाषणे, वादपर पत्रके, कवितासंग्रह, आत्मकथने. यांतील पुष्कळ पुस्तके लेखकाने स्वखर्चाने छापलेली असतात आणि पुष्कळदा लेखक स्वतः त्यांच्यामागे उभा असतो.

या जागेला एस्कारपीचे लोकवर्तुळाचे वर्णन लागू पडत नाही. येथे पुस्तके वरून खाली येत नाहीत. वाचक लेखकाला समोर प्रश्न विचारतो, किमतीवर घासाघीस करतो, मागच्या वर्षीच्या पुस्तकाविषयी मत देतो. वर्षातला एक-दोन दिवसांचा हा बाजार असल्यामुळे पुस्तकाचे स्वरूपही त्याप्रमाणे ठरते. ते हातात मावेल एवढे, प्रवासखर्चातून उरलेल्या पैशांत बसेल अशा किमतीचे, गाडीत वाचून संपेल असे असते; आणि मुखपृष्ठावरून विषय कळावा लागतो, कारण ओळख करून द्यायला परीक्षणे नसतात. रूप आणि ठिकाण यांचा हा संबंध केवळ अर्थकारणाचा नाही. समुदायाने एकत्र येऊन जे स्मरण करायचे त्या स्मरणाचाच तो ग्रंथ भाग होतो.

याच काळात मराठीत स्वप्रकाशनाची दुसरी एक परंपरा घडली. १९५० च्या दशकाच्या मध्यास निघालेले चक्रमुद्रित ‘शब्द’, अशोक शहाणे यांचे १९६३ चे ‘असो’, राजा ढाले यांचे ‘येरू’, औरंगाबादचे ‘वाचा’ अशी ही लघुनियतकालिके होत. यांनीही दुकान नाकारले. प्रस्थापित मासिके आणि प्रकाशनसंस्था यांच्याबाहेर, हातोहात, मित्रामित्रांत, टपालाने ही अनियतकालिके फिरली. प्रती थोड्या होत्या, वाचक थोडे होते. अरुण कोलटकरांचा १९७७ चा मराठी संग्रह शहाणे यांच्या ‘प्रास’ने काढला, तो याच परंपरेतला.

आता या दोन परंपरा शेजारी ठेवून एक साधा प्रश्न विचारावा. दोन्ही दुकानाबाहेरच्या, दोन्ही लेखकांनी आपल्या खर्चाने चालविलेल्या. मग लघुनियतकालिकांची चळवळ मराठी समीक्षेत प्रकरणाचा विषय कशी झाली, तिच्या अंकांच्या सूची कशा झाल्या, तिच्यावर प्रबंध कसे लिहिले गेले. आणि चैत्यभूमीच्या पथारीवर यांच्याहून अनेक पटींनी खपलेल्या पुस्तिकांची साधी सूचीही आपल्या विद्यापीठीय अभ्यासात का रुजली नाही? वाङ्मयीन गुणवत्ता हे उत्तर येथे पुरत नाही, कारण गुणवत्तेचा निवाडा करण्यासाठी आधी वाचावे लागते. कारण असे दिसते की, लघुनियतकालिके ज्या हातांतून फिरली त्या हातांत समीक्षकही होते, प्राध्यापकही होते. त्यांनी प्रती जपल्या, आठवणी लिहिल्या, पुढे अभ्यासक्रमांत नावे घातली. पथारीवरची पुस्तके ज्यांच्या हाती गेली त्यांच्या घरी ती वाचली गेली, वापरली गेली, झिजली. ग्रंथालयाच्या फळीवर ती आली नाहीत.

दोन्ही वर्तुळे एकमेकांपासून पूर्ण तुटलेली होती असे मानणे चूक ठरेल. राजा ढाले आणि नामदेव ढसाळ दोन्हींत वावरले. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने दलित लेखनाला नियतकालिकाचा स्थिर पत्ता दिला. ‘बलुतं’ १९७८ मध्ये ‘ग्रंथाली’ने काढले. ग्रंथाली ही वाचकांचे जाळे उभारून चालणारी चळवळ होती. त्या जाळ्यातून दया पवारांचे आत्मकथन मध्यमवर्गीय घरांत गेले, आणि दलित आत्मकथनाविषयीची चर्चा तेथून फैलावली. या चर्चेचा आरंभबिंदू त्या वर्षी का मानला जातो, याच्या उत्तरात लेखनाच्या सामर्थ्याबरोबर या नव्या विक्रीमार्गाचाही वाटा आहे. समीक्षेला जे पहिले दिसले ते तिच्या दारात आलेले पहिले होते. त्यापूर्वी तसे काही लिहिले, छापले, विकले गेले नव्हते असे त्यावरून सिद्ध होत नाही.

६

स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्या लेखकापुढे आजही मूळ प्रश्न तोच आहे, मात्र पर्याय पालटले आहेत. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर शासनमान्य यादी आणि सार्वजनिक ग्रंथालयांची खरेदी हा एक मोठा गिऱ्हाईक झाला. त्यामुळे दक्षिणा प्राइझ कमिटीच्या काळातील जुना पेच नव्या रूपात परत आला : पुस्तक वाचकाच्या हाती जावे की यादीत यावे? साहित्यसंमेलनातील ग्रंथप्रदर्शन हे दुसरे ठिकाण. तिसरे ठिकाण महाजालावरचे. किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ मध्ये आली, आणि मागणीनुसार एकेक प्रत छापून देण्याच्या सोयीमुळे घरातले गठ्ठेही नाहीसे होऊ लागले. येथे पुस्तक सर्वत्र मिळते असे म्हणतात. सर्वत्र मिळणाऱ्या पुस्तकाला मात्र स्वतःचे ठिकाण उरत नाही. ते शोधले तरच सापडते, आणि शोधण्यासाठी त्याचे नाव आधी माहीत असावे लागते. पथारीवरचे पुस्तक अनोळखी वाचकाच्या पायाशी येत असे.

साधनांच्या बाजूने पाहिले तर चित्र अधिक चिंताजनक आहे. टपालखात्याने नोंदणीकृत पुस्तक-पाकिटांची सवलतीची सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद केली. लहान गावातील लेखक-प्रकाशकाचा दीडशे वर्षांचा आधार त्यामुळे कमकुवत झाला. १८६७ चा कायदा रद्द करून आलेल्या २०२३ च्या कायद्यात ग्रंथांची नोंदणी राहिलेली नाही. ज्या तक्त्याने ताराबाई शिंद्यांसारख्यांच्या पुस्तकाच्या काळाचे आकडे आपल्याला दिले, तसा तक्ता पुढील अभ्यासकाला मिळणार नाही. १९५४ च्या कायद्यान्वये ग्रंथालयांकडे प्रती पाठविण्याचे बंधन आहे, परंतु ते पथारीवरच्या पुस्तिकेला क्वचितच गाठते.

म्हणून या निबंधाची सूचना मर्यादित, पण निकडीची आहे. स्वप्रकाशित ग्रंथाची नोंद करताना कर्ता, सन व किंमत यांबरोबर ‘पुस्तक मिळण्याचे ठिकाण’ही टिपावे, जेथे ते छापलेले नसेल तेथे प्रती कोठे आढळल्या, कोणाच्या घरी आढळल्या, कोणत्या मेळ्यात विकत घेतल्या, हे टिपावे. दीक्षाभूमी आणि चैत्यभूमी येथील पुस्तकांची वर्षवार सूची करणे हे मराठीच्या कोणत्याही पदव्युत्तर विभागाच्या आवाक्यातले काम आहे. त्याला दोन दिवस, चार विद्यार्थी आणि थोडी खरेदी एवढेच लागते. हे काम झाले नाही तर आपला वाङ्मयेतिहास ज्या दुकानांत आपण स्वतः जातो त्या दुकानांचा इतिहास होऊन राहील. ‘स्त्रीपुरुष तुलना’ मालशे यांना मिळाले, कारण त्याची एक प्रत कोठेतरी टिकली होती. प्रत टिकण्यावर भिस्त ठेवणे ही अभ्यासाची पद्धत होऊ शकत नाही.